सुरतेचा ताप

केदारखेड्यातल्या मालनबाईंच्या ओसरीवर दुपारी कुणी ना कुणी टेकलेलं असायचं. गल्लीतल्या बायकांची पोलकी त्याच शिवायच्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, एकुलती एक लेक शालू सुरतेला दिलेली. शेजारची बेबीनंदा तर रोजची. भाजी निवडायलासुद्धा ती इथंच यायची.

गेल्या श्रावणात मालनबाई शालूचं बाळंतपण उरकून परतल्या आणि तीन आठवड्यांनी तापानं पडल्या. सांधे असे धरले की सुईत दोरा ओवता येईना. आरोग्य उपकेंद्रातल्या मुकुंदनं रक्त तपासायला पाठवलं, तर चिकनगुनिया निघाला. गावातली ती पहिली नोंद. पुढच्या पंधरा दिवसांत गल्लीतली चाळीसेक माणसं आडवी झाली. बेबीनंदाची म्हातारी सासू साळूबाई त्यातच गेली.

तेराव्याला मालनबाई भिंत धरत धरत शेजारी गेल्या. बेबीनंदा दारातच उभी राहिली.

"सुरतेहून तुम्ही आणलं हे, काकू," ती हळूच म्हणाली. "आमचं माणूस गेलं."

त्या तशाच मागं वळल्या.

मग ओसरी ओस पडली. शिवायला टाकलेले कपडे बायकांनी उंबऱ्याबाहेरूनच मागून नेले. गिरणीत त्या उभ्या राहिल्या की मागंपुढं जागा सुटायची. हा रोग डास चावून होतो, जवळ बसल्यानं नाही, हे मुकुंदनं घरोघर सांगितलं. लोक माना हलवायचे आणि तसेच वागायचे.

"तू इकडंच ये," शालू फोनवर म्हणायची.

"आता आले तर ते खरंच ठरंल," मालनबाई म्हणायच्या.

दुपारी त्या कापड न लावताच मशीन चालवत बसायच्या. बोटं मोकळी व्हावीत म्हणून, असं स्वतःलाच सांगायच्या.

दिवाळीनंतर मुकुंद आला. गावातल्या सहा जणांच्या रक्तातला विषाणू पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं तपासला होता.

"मावशी, हा विषाणू पसरत जातो तसे त्याच्या जनुकांत बारीक बदल होतात," तो म्हणाला. "ते जुळवून पाहिले की तो कुठल्या वाटेनं आला ते कळतं. माणूस कोण, ते नाही सांगता येत. तुमच्या रक्तातला आणि गल्लीतला एकच आहे. पण सुरतेकडच्या नमुन्यांशी तो जुळत नाही. आषाढात आपल्या शेजारच्या जाफराबादेकडं सापडला होता, त्याच्याशी जुळतो. तुम्हाला इथंच डास चावला."

 राखीला जाफराबादेहून कोण आलं होतं, ते मालनबाईंना ठाऊक होतं. बेबीनंदाचा भाऊ कल्याण जीपमधून उतरला तेव्हाच त्याचं अंग तापलेलं होतं. पावसात भिजलाय म्हणून दोन दिवस तो बहिणीकडं पडून होता. त्याला काढा मालनबाईंनीच करून दिला होता. त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी त्या स्वतः पडल्या.

"गुरुवारी ग्रामसभेत वाचून दाखवतो," मुकुंद म्हणाला.

"जाफराबादचं नाव घ्यावं लागंल का?"

"अहवालात आहे ना ते."

"सुरतेहून आला न्हाई, इतकंच सांगा, साहेब."

"पण का?"

"गावाचं नाव घेतलं की लोक माणूस हुडकून काढतेत. इतके दिवस मी एकटी बसून राह्यले. दुसऱ्या कुणाला असं बसवायचं न्हाई मला."

मुकुंदनं पुढं विचारलं नाही. गुरुवारी त्यानं तेवढंच सांगितलं. "बरं झालं," सरपंच रामराव म्हणाले आणि पाण्याच्या टाकीचा विषय निघाला.

हळूहळू दोन-चार बायका पोलकी घेऊन यायला लागल्या. माप द्यायच्या आणि लगेच उठायच्या. बेबीनंदा आली नाही. मार्गशीर्षात एकदा मात्र ती मधल्या भिंतीपाशी थांबली.

"हात कसे आहेत, काकू?"

"बराबर आहेत आता."

ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. मालनबाई बस म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, "भाऊ आलाय माझा," आणि आत गेली.

भिंतीपलीकडून कल्याणचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं. मालनबाईंनी पुढ्यातल्या पोलक्याची बाही जोडली, उसवली आणि पुन्हा जोडायला घेतली.