एकडोळ्याच्या ट्रंकेवरचा पहारा

ताईचा धंदा शिवणकामाचा. गल्लीकडच्या खोलीत तिचं मशीन, खिडकीत टांगलेले लोकांचे कपडे आणि तोंडात कायम टाचण्या. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला फार बोलता येत नाही. तिच्या घरात ते सोयीचंच होतं, कारण दोघांच्या वाटणीचं बोलणं तिचा धाकटा भाऊ एकटाच उरकायचा. साधं मीठ मागायचं झालं तरी त्याला एक परिच्छेद लागे, आणि त्यात निदान एक उपमा.

हा भाऊ सकाळी घरोघर फिरून पाण्याचे मीटर तपासायचा आणि दुपारी चाचेगिरी करायचा. म्हणजे कागदावर. एकडोळ्या नावाच्या भयंकर समुद्री चाच्याच्या लहानपणाची मालिका तो मुलांसाठी लिहीत होता. चार पुस्तकं झाली, तरी एकडोळ्याचे दोन्ही डोळे अजून शाबूत होते. मुलं मीटरपाशी गाठून विचारत, "काका, डोळा कधी जाणार?"

"बघू. अजून लहान आहे तो," असं म्हणून काका सटकायचे. पोराच्या डोळ्याला हात लावायचा त्यांना धीरच होत नव्हता.

बाकी बाबतीत मात्र गडी काटेकोर. पहिल्या पुस्तकात एकडोळ्याने दातांनी दोरखंड सोडवला होता. एका चिमुरडीने तोंडावर सांगितलं, "मी करून पाहिलं. असं होत नाही." ते त्याला इतकं लागलं की त्यानंतर पोराची प्रत्येक सुटका तो आधी स्वतः करून बघू लागला. त्याला जमली, तरच पोराला जमायची. पहारेकरी अर्थात ताई, कारण घरात तिसरं कुणी नव्हतं. नियम एकच होता: आत मी कितीही ओरडलो, रडलो, पाया पडलो, तरी उघडायचं नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी तो पिंपात बसून असा काही विव्हळला की तिला राहवलं नाही आणि तिने झाकण काढलं. "प्रकरणाचा गळा घोटलास," म्हणून तो किती दिवस फुगून बसला होता. त्यानंतर तिने नियम कधी मोडला नाही.

पाचव्या पुस्तकात एकडोळ्याला ट्रंकेत कोंडायचं ठरलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी आईची जुनी पत्र्याची ट्रंक माळ्यावरून खाली आली. आतल्या रजया बाहेर काढल्या, तशी डांबरगोळ्यांच्या वासाने खोली भरून गेली.

"दम्याचं काय?" ताईने टाचण्या काढून विचारलं. लहानपणापासून त्याला दमा होता.

"चाच्यांना दमा नसतो," तो मोज्यात बोथट सुरी खोचत म्हणाला. "आतून फटीत सुरी घालायची, कडी उचलायची, बाहेर यायचं. तू लाव कडी आणि शीव निवांत."

ताईने त्याला मुटकुळं करून आत बसवलं, झाकण दाबून कडी लावली आणि एका पँटचं हेम उसवायला घेतलं. आत खुडबुड सुरू झाली. मग आरोळ्या.

"अरे नराधमांनो, या पेटीत तुम्ही एका मुलाला नाही, एका वादळाला कोंडलं आहे."

"हो का," ताई म्हणाली.

"माझ्या छातीवर जणू सगळा सागर येऊन बसला आहे. उघडा, मी तुमच्या पाया पडतो."

ताईने दोरा दातांनी तोडला, टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या आणि मशीन चालवायला घेतलं. गेल्या खेपेला तो पाया पडून झाल्यावर तिच्या स्वयंपाकाची स्तुतीही करून गेला होता, तरी ती बधली नव्हती. आत सुरी पत्र्यावर खरखरली, काहीतरी कचकन अडकलं. मग खोकला. खोकला तो नेहमीच करायचा; शाळा बुडवण्यासाठी केलेला सराव अजून कामी येत होता.

"ताई. उघड."

मशीनवरचा तिचा पाय थांबला.

"खरंच. ताई."

पुढची उपमा येईल म्हणून तिने कान दिला. उपमा आली नाही. आतून नुसता श्वास ऐकू येत होता, बारीक शिट्टीसारखा. ज्या माणसाला मिठासाठी परिच्छेद लागतो, तो आता एकेका शब्दावर आला होता. तिच्या तोंडातल्या टाचण्या जमिनीवर सांडल्या.

तिने कडीला हात घातला. कडी हलेना. आत सुरी फटीत घुसून तिथेच अडकली होती. त्या सुरीने झाकण वर उचलून धरलं होतं, त्यामुळे कडी कोयंड्यावर ताणून बसली होती. ताईने कापडाची मोठी कात्री घुसवून जोर केला. कात्रीचं टोक मोडलं, कडी तशीच. आतली शिट्टी आता मध्येच थांबू लागली.

"झाली का पँट?" दारात शेजारच्या मावशी उभ्या होत्या. बाई ऐसपैस, आवाजही तसाच. "हे काय गं? ट्रंकेत कोण आहे?"

"भाऊ. मावशी, बसा."

"बसते की. पण आधी त्याला बाहेर तर काढ."

"खुर्चीवर नाही. ट्रंकेवर बसा."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. भावंडांची भांडणं त्यांनी बरीच पाहिली होती, पण हे त्यांनाही नवीन होतं. "अगं, मरेल तो."

"तुम्ही नाही बसलात तर मरेल. झाकण दबलं की कडी सैल होईल. बसा हो लवकर."

मावशी बसल्या. पत्रा कण्हला, आत सुरी मोडल्याचा आवाज झाला आणि झाकण बोटभर खाली गेलं. ताईने कडी झटक्यात मागे लोटली. "आता उठा, उठा," म्हणत तिने मावशींना जवळजवळ ढकललंच आणि झाकण उघडलं.

भावाचे ओठ निळसर पडले होते. दोघींनी बखोटीला धरून त्याला उपसून काढला आणि भिंतीला टेकवून बसवला. ताईने खुंटीवरच्या त्याच्या पिशवीतून दम्याचा पंप काढला, त्याच्या तोंडात धरला आणि दाबला. थोड्या वेळाने पुन्हा दाबला. छाती खालीवर होताना दिसेपर्यंत तिने त्याच्या शर्टाची मूठ सोडली नाही. मावशी वारा घालत होत्या, तोही ज्या पँटसाठी आल्या होत्या तिनेच.

बऱ्याच वेळाने त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

"सुरी लांब हवी होती," तो म्हणाला.

ताईने पंप त्याच्या हातात दिला आणि त्याच्यासमोर खाली बसली. "तू लिहिणार, पोरगा सुरीने कडी उचलून बाहेर आला. तुझी पोरं सगळं करून बघतात, माहीत आहे ना तुला? घराघरात ट्रंका आहेत. आणि बाहेर प्रत्येक वेळी मावशी नसतात."

"मी कुठे कुठे पुरणार," मावशी म्हणाल्या.

त्याने हातातला पंप फिरवून पाहिला. त्याचा एकडोळ्या आजवर प्रत्येक संकटातून एकट्याने सुटला होता, आणि त्यातच तर सारी शान होती.

दोनेक आठवड्यांनी त्याने नवं प्रकरण ताईला वाचून दाखवलं. पोरगा ट्रंकेत ओरडून ओरडून थकतो, सुरी मोडते, श्वास अडकतो. बाहेरच्या पहारेकऱ्याला कप्तानाचा सक्त हुकूम असतो, काही झालं तरी उघडायचं नाही. पहारेकरी कान देतो आणि उघडतो. ताई ऐकता ऐकता बटण लावायचं विसरली.

"मग त्या पहारेकऱ्याचं काय होतं?"

"कप्तान त्याला समुद्रात फेकतो. हुकूम मोडला ना त्याने. जहाजावर दुसरी शिक्षा नसते."

ताईने त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

"कथेची गरज आहे, ताई."

"असू दे. त्याला पोहता येतं असं लिही."