बर्फाला उघडं ठेवायचं नसतं

डोमाजीकाकांनी कधी कोणाला गिलास भरून पाणी दिलं नाही. अर्धाच द्यायचे. समोरचा तो घटाघट संपवून गिलास पुढे करायचा, मग पुन्हा अर्धा. पवनीच्या बाहेर, पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं कौलारू घर. उन्हाळ्यात दारात दोन रांजणांची पाणपोई असायची आणि बाजूला एक बाज टाकलेली. मे महिन्यात भर दुपारी त्या रस्त्याने जाणारा माणूस भाजून निघालेला असतो, त्याच्या हातात अर्धा गिलास ठेवणं म्हणजे निव्वळ चेष्टा. मी पहिल्यांदा थांबलो तेव्हा मला वाटलं, म्हातारा पाण्यातही हात आखडतो.

माझं फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे आणि तोंड फटकळ आहे. म्हणालोच, "काका, भरून द्या ना. नदीला पाणी कमी पडलं काय?"

काका शांतपणे म्हणाले, "भरून देलो त पेऊन चाल्ला जाशीन. बस ना गा घडीभर."

बसलो. पाणी मात्र असं गार होतं की टाळूला झिणझिण्या आल्या. बर्फ कुठला म्हणून विचारलं, तर त्यांनी बोटाने आत दाखवलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने, वसंताने, घरात बर्फ करायचं लहानसं मशीन आणून दिलं होतं. काका जातीने ढिवर. जन्म वैनगंगेत आणि आसपासच्या तलावांत जाळं टाकण्यात गेला. मासे ठेवायला बर्फाची लादी सायकलवर बांधून आणायची, हे त्यांचं रोजचं काम. जाळं सुटलं, पण पाणपोईसाठी लादी आणणं त्या वयातही चालूच होतं. म्हणून मुलाने मशीन दिलं. मी मिस्त्री आहे हे कळताच काकांनी माझा हातच धरला. "मंग पायून घे ना गा एकडाव. कधी मन लागलं त बर्फ पाडते, कधी रुसून बसते."

त्या दिवशी मशीन व्यवस्थित चालू होतं. मी नंबर देऊन निघालो. पुढच्याच आठवड्यात फोन आला, "मिस्त्री, रुसली."

जाऊन पाहिलं तर आत बर्फाचा गोळा झालेला. या मशीनमध्ये पाण्यात बुडणाऱ्या काही नळ्या असतात. नळ्यांवर बर्फ धरला की तो सुटून खाली डब्यात पडतो. बर्फ कधी तयार झाला हे कळायला आत तापमान मोजणारा सेन्सर असतो, ज्वारीच्या दाण्याएवढं काळं टोक आणि त्याला दोन वायरी. इथे बर्फ गच्च धरला होता, पण सुटत नव्हता. म्हणजे आत सगळं गोठलं तरी सेन्सर सांगत होता, अजून गरमच आहे. मी तो काढून मीटरला लावला. मुठीत धरला की आकडा उतरत होता, बर्फाच्या पाण्यात बुडवला की चढत होता. हे सेन्सर असे उलटेच चालतात, गरमीत आकडा उतरतो. सेन्सर ठणठणीत. पुन्हा जोडला तर मशीन मुकाट्याने बर्फ पाडू लागलं. मला माझाच राग आला, कारण दुरुस्त काय केलं तेच मला सांगता येईना.

काही दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा तोच गोळा. या वेळी मी नागपूरहून नवा सेन्सर मागवून बसवला. तोही थोडे दिवस चालला आणि बिघडला. काम चालू असताना काका मला अर्ध्या-अर्ध्या कपाने चहा पाजत आणि बोलत राहत. कोणत्या बोडीत, म्हणजे शेततळ्यात, कोणता मासा मिळायचा, कोणत्या साली पूर कुठवर आला होता. मध्येच वारलेल्या बायकोबद्दल म्हणाले, "बाई होती तवा मी बोलतच नव्हतो गा. तेच बोले. मले वाटे, थांबते कधी हे. आता मी बोलून रायलो, त आयकाले कोनी नाही."

मी म्हणालो, "काका, रांजणाचं पाणीही गारच असतं. कशाला या मशीनच्या मागे लागता?"

"रांजनाचं पानी लोकाईच्या घरी बी हाये. बर्फ हाये म्हटलं का मानूस गाडी बंद करते. चालू गाडीवरचा नुसता पानी पेते. बंद गाडीवरचा बोलते."

ते कंजूस नव्हते, ते माणूस धरून ठेवत होते. बर्फ हे त्यांचं जाळं होतं म्हणा. ते बंद पडलं की रस्त्यावरून सगळे भुर्रकन निघून जात, आणि काका बाजेवर बसून त्यांच्या पाठी बघत. मी दुकानात येता-जाता हे पाहिलेलं आहे. फार वाईट वाटायचं.

मग एकदा मी आसगावहून येताना, न कळवता थांबलो. आत पाय टाकला आणि कपाळावर हात मारला. मशीन दिसतच नव्हतं. खाली तनीस, म्हणजे धानाची वाळलेली काडी, जाडसर अंथरलेली. तिच्यावर मशीन, आणि मशीनवर चहूबाजूंनी ओला बारदाना गुंडाळलेला. वरून लोट्याने पाणी मारणं चालू. माशांची पेटी बांधतात तशी त्यांनी ती अख्खी वस्तू बांधून ठेवली होती. बारदान्याचं पाणी फटीतून झिरपून सेन्सरच्या जोडापर्यंत पोचत होतं. जोड ओला झाला की मशीनला खोटाच गरमपणा कळायचा. आणि मी यायचा असलो की काका सगळं काढून, पुसून, नीट मांडून ठेवत, त्यामुळे मी येईपर्यंत जोड अर्धाअधिक वाळलेला.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

"काहून? बर्फाले कोनी उघडं ठेवते का गा?"

"मग मी आल्यावर का काढत होता?"

"पावना येनार म्हनून सारून ठेवलो. घरात पसारा बरा दिसते का?"

मला हसू आवरेना. काका मात्र गंभीर. आधी त्यांना पटलंच नाही. सगळा जन्म ज्याने बर्फ झाकून वाचवला, त्याला हे उघडं ठेवा म्हणणं म्हणजे पोरगं थंडीत उघडं टाका म्हटल्यासारखं. मी जोड वाळवला, वरून पक्का बंद केला, मशीन लाकडी स्टुलावर ठेवलं आणि पुन्हा बारदाना गुंडाळायचा नाही असा दम दिला. त्यानंतर ते बिघडलं नाही. उरलेला उन्हाळा बर्फ बदाबदा पडत राहिला. गाड्या थांबत राहिल्या, बंद होत राहिल्या. एकदा तर बाजेवर तिघं बसलेले आणि दोघं उभे, आणि काका गिलास घेऊन सगळ्यांत मिरवत होते. मला पाहून नुसती मान हलवली. बोलायला फुरसत कुठे होती त्यांना.

मग पाऊस लागला. पावसात तहान कोणाला लागते? रेनकोट घातलेले लोक मान खाली घालून निघून जात. रोवणी, म्हणजे भातलावणी, सुरू झाली, आजूबाजूच्या घरांतली माणसं पहाटेच धानाच्या बांध्यांकडे जायची ती अंधार पडता परतायची. मी एकदा गेलो होतो. काका दारात बसले होते, रांजण पालथे घातलेले. म्हणाले, "आता कोन थांबते गा. दिवाई होऊन, शिमगा होऊन, मंग लोकाईले तहान लागन."

काका त्याच रोवणीत गेले. लाईटचं मीटर बघायला आलेल्या माणसाने हाका मारल्या, ओ आली नाही, म्हणून त्याने आत डोकावून पाहिलं. वसंता पुण्याहून आला, नातेवाईक जमले, आणि तेरवी कोणत्या दिवशी धरायची यावर सगळे अडले. तेरवी मोजायला मरणाचा दिवस लागतो, आणि काका नेमके कोणत्या दिवशी गेले ते कोणालाच सांगता येईना. वसंता एकेकाला विचारत फिरला, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, मला. "तुम्ही बाबांना शेवटी कधी पाहिलं?" प्रत्येक जण बोटांवर दिवस मोजू लागे आणि मध्येच सोडून देई. शेवटी एका म्हाताऱ्या नातेवाइकाने ठरवलं, मीटरवाला आला त्या दिवसापासून मोजा. तसं मोजलं, तेरवी झाली, लोक जेवून गेले.

मला अजून ते टोचतं. काका वैशाखात गेले असते, तर दुपारी आलेल्या पहिल्या तहानलेल्या माणसाला कळलं असतं.