काकूंसमोरची प्रार्थना

बायकोने प्रार्थनेसाठी हात पुढे केला होता आणि मी तो धरला नाही. चहा घेऊन येतो म्हणालो आणि वॉर्डबाहेर पडलो. चहा मला नको होता. तिला तर सकाळपासून पाणीही बंद होतं.

बँकेच्या बदलीने मी बनारसला आलो तेव्हा दुर्गाघाटाच्या गल्लीत एका मराठी काकूंकडे वरची खोली मिळाली. दिवसभर हिंदी बोलून आलं की संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायचं, घटकाभर मराठीत बोलायचं, एवढाच माझा विसावा. आम्ही ख्रिस्ती आहोत हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. आडनाव कुणाचंही असू शकेल असं. त्यांनीही कधी विचारलं नाही. त्या शहरात माझ्या भाषेचं एवढं एकच दार होतं. ते बंद होईल, ही भीती.

मग गावाकडे बायकोच्या स्तनात गाठ निघाली. उपचारासाठी तिला इकडे आणलं. "काकूंसमोर आपलं काही काढू नकोस," मी स्टेशनवरच बजावलं. तिने गळ्यातला छोटा क्रूस काढला आणि पर्समध्ये टाकला.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डात सगळे हिंदी बोलणारे होते. मराठीतली प्रार्थना कुणाला कळलीही नसती. पण पलंगाच्या पायथ्याशी काकू उभ्या होत्या, माझ्यासाठी डबा घेऊन.

"अहो, करा ना प्रार्थना," बायको हळूच म्हणाली.

मी परतलो तेव्हा पलंग रिकामा होता. तिचा चष्मा काकूंच्या हातात.

"डोळे मिटून एकटीच काही पुटपुटत होती रे," त्या म्हणाल्या. "तू कुठे गायब झालास?"

घरी आल्यावर बायको मला एका शब्दानेही बोलली नाही. फक्त प्रार्थनेला बोलावेनाशी झाली. भिंतीकडे तोंड करून पडायची, तिचे ओठ हलायचे. एका खोलीत आम्ही दोघं एकेकटे. त्यात रिपोर्ट आला. गाठीचा थोडा भाग राहिला होता, पुन्हा ऑपरेशन करावं लागणार होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी बँकेच्या गच्चीवर जायचो आणि एकच वाक्य म्हणायचो, "प्रभू, मला धीर दे." कित्येक दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी, भीती होती तशीच असताना, मी जिना उतरलो. काकू विळीवर भोपळा चिरत होत्या.

"काकू, आम्ही ख्रिस्ती आहोत."

त्यांचा हात थांबला. "दोन वर्षं माझ्या हातचं खातोस, आणि हे आज सांगतोस?"

"खोली सोडू का?"

"खोलीचं कोण बोललं? मला काय वाघीण समजलास?" त्यांनी तोंड फिरवलं. "जा, परेशान नको करूस."

त्यानंतर चार संध्याकाळी ओट्यावर कुणी नव्हतं. मी येता-जाता पाहायचो आणि वर जायचो.

दुसऱ्या ऑपरेशनला त्या येतील असं वाटलं नव्हतं. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला, तेवढ्यात त्याच्या मागून काकू डबा घेऊन आल्या आणि पायथ्याशी, त्याच जागी उभ्या राहिल्या. राग गेला होता की नाही, चेहऱ्यावरून कळेना.

बायकोने या वेळी हात पुढे केला नाही. मीच चादरीखालून तो शोधून धरला. गार होता.

"प्रभू," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. पुढचं प्रभूला म्हणायचं होतं, ते मी तिलाच म्हणालो.

"त्या दिवशी मला चहा नको होता. मी घाबरलो आणि तुला एकटीला टाकून गेलो. मला माफ कर."