ओटीचं कापड

आमच्याकडे ओटीत आलेला ब्लाऊजपीस कुणी शिवत नाही. हळदीकुंकवाला या घरात आला की तिथून बारशाला जातो, बारशावरून वास्तुशांतीला. रंग विटतो, पण घडी मोडत नाही. एकदा मीच दिलेला गुलाबी पीस दोन वर्षांनी फिरून माझ्याच ओटीत आला. कोपऱ्याला माझ्या मशीनच्या तेलाचा डाग होता, म्हणून कळलं. तेव्हा नवरा होता. आम्ही दोघं पोट धरधरून हसलो होतो.

नवरा गेला आणि माझी ओटी बंद झाली. पण बायका मेल्या हुशार! कपाट आवरायला काढलं की आळीतली एकेक जण पिशवी भरून नको झालेले पीस माझ्या दारात आणून ठेवायची. ‘ठेव गो, तुझ्या कामाला येतील.’ म्हणजे ओटी भरायची नाही, पण घरातली अडगळ माझ्या पदरात घालायची. मी रत्नागिरीत घराच्या पडवीत मशीन टाकून फॉल-पिको आणि ब्लाऊज करायचे, त्यावर मुलीला वाढवत होते. आलेलं नको म्हणायची माझी ऐपत नव्हती.

त्या पिशव्यांतलं पॉलिस्टर मी बाजूला काढायचे आणि सुती पीस जोडून जाकिटं शिवायचे. मग दोन्ही बाजूंनी घालता येतील असे झगे शिवायला लागले. नाड्या सोडल्या की ऐसपैस, आवळल्या की अंगाबरोबर. साडीवर जाकीट म्हणून चालतील, जीन्सवरही चालतील. आपली बाई एका कपड्यावर पैसे खर्च करते तेव्हा तो चार ठिकाणी मिरवता यायला हवा असतो, हे मापं घेता घेता मला कळलं होतं.

आळीत नाकं मुरडली गेली. ‘ओटीच्या कापडाला कात्री लावते, आणि तीही...’ एवढं बोलून गप्प व्हायच्या. पुढचं मला ऐकू यायचं. जळ्ळं मेलं बोलणं! ओटीचं कापड माझ्या दारात आणून टाकताना यांना काही आठवलं नव्हतं. मग गावात बचतगटांचं प्रदर्शन भरलं आणि फिरायला आलेल्या मुंबईच्या बायका माझ्या टेबलाभोवती जमल्या. लगेच त्याच आळीकरणी पुढे सरसावल्या. ‘ही आमच्या शेजारचीच हो!’ तिथं एका मुलीनं मला डिझायनर म्हटलं. मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.

मुलगी चिपळुणात दिली. सासर शिकलेलं, खाऊनपिऊन सुखी. तिची नणंद पुण्याला असते, तिला माझ्या कामाचं भारी कौतुक. ‘सस्टेनेबल’ आणि ‘झीरो वेस्ट’ हे शब्द तिच्या तोंडून लाह्यांसारखे फुटत असतात. माझ्या कपड्यांना लावायची चिठ्ठी तिनंच छापून दिली. त्यावर लिहिलं होतं, ‘सुवासिनींच्या आशीर्वादाचं कापड.’

मी म्हटलं, “शिवलं कोणी, तेही लिहा की.”

ती हसली. मी गंमत करतेय असं तिला वाटलं.

मुलीला दिवस गेले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं, तेव्हा तिनंच फोन केला. “आई, पहिली ओटी तूच भरायचीस. मी सांगून ठेवलंय सगळ्यांना. काळ बदललाय गो आता.”

खोटं कशाला बोलू, त्या फोनवर मी रडले. इतकी वर्षं लोकांच्या लेकीबाळींचे ब्लाऊज मापात बसवले, हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही तरी तोंडातून अक्षर काढलं नाही. मला दुसरं काही नको होतं. माझ्या लेकीच्या पदरात माझ्या हातानं तांदूळ आणि नारळ घालायचा होता, एवढंच.

मी तिच्यासाठी हिरवा झगा शिवायला घेतला. घरातले सगळे हिरवे सुती पीस काढले. पोपटी, शेवाळी, कच्च्या आंब्याचा, एकेक छटा जुळवत बसले. पोट वाढेल तशा बाजूच्या नाड्या सोडायच्या, बाळाला पाजायला पुढून आडवा पदर उघडायचा, आणि बाळ चालायला लागलं की नाड्या आवळून हाच झगा ऑफिसला घालायचा. असा कपडा मी आजवर शिवला नव्हता. ओटीसाठी मात्र फिरता पीस नको म्हणून दुकानातून नवा हिरवा सुती खण आणला. त्याच्या कडेला बारीक पिको केला. पुढे त्यातूनच बाळाला कुंची शिवायची, दोरे सुटायला नकोत.

चिपळूणला एसटीनं पोचले तेव्हा मुलगी सजवलेल्या झोपाळ्यावर बसली होती. अंगात मी आधीच पाठवलेला झगा, वर फुलांचे दागिने, हातात फुलांचं धनुष्य. इतकी गोड दिसत होती की माझीच दृष्ट लागायची. बायका झगा चिमटीत धरून बघत होत्या.

ओटीचं ताट बाहेर आलं. मी पिशवीतून खण काढला, पदर खोचला आणि पुढे झाले. तेवढ्यात विहीणबाईंनी माझ्या पाठीवर अलगद हात ठेवला. “विहीणबाई, तुम्ही आत पंख्याखाली बसा हो. प्रवासानं दमला असाल.”

“दमले नाही मी. पहिली ओटी माझी ठरलीय ना?”

“आमचं काही नाही हो! आम्ही असलं मानतच नाही. पण थोरल्या जाऊबाई आल्यात, चार माणसं जमलीत. पहिलटकरीण आहे, उगाच कुणाच्या मनात पाल चुकचुकायला नको.”

झोपाळा दोन हातांवर होता. मी लेकीकडे बघितलं. तिनं धनुष्याचं एक फूल सरळ केलं. मग म्हणाली, “आई, बस ना थोडा वेळ आत.”

मला संताप आला. पण तिच्या पोटाकडे बघून तो गिळला. खण विहीणबाईंच्या हातात दिला आणि म्हटलं, “मग एवढा तरी घाला तिच्या ओटीत.”

“हो हो, का नाही!” त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरात आचारीण पुऱ्या तळत होती. तिला वाटलं मी मदतीला आलेय, तिनं झारा माझ्या हातात दिला. बाहेर पाच सुवासिनींनी ओटी भरली, गाणी झाली, मी पुऱ्या तळल्या. गाणी संपली तशी नणंद मोबाईल घेऊन आत आली. “अहो मावशी, इथं काय करताय? या ना बाहेर, व्हिडिओत डिझायनर नको का?”

म्हणजे ओटीला नको, व्हिडिओला हवी! गेले. तेलाचा हात पदराला पुसला आणि लेकीशेजारी उभी राहिले. नणंद कॅमेऱ्यात बोलत होती, तेवढ्यात मी लेकीच्या कानाशी लागले. “तो खण जपून ठेव गो. बाळाला कुंची शिवीन.”

“हो आई,” ती म्हणाली.

निघताना ती फाटकापर्यंत आली. हातात फुगलेली पिशवी होती. “ओटीतले सगळे पीस आहेत. मी काय करू इतक्यांचं? घेऊन जा, तुझ्या कामाला येतील.”

आळीतल्या बायकांचे शब्द माझ्या लेकीच्या तोंडात! मी पिशवी घेतली. नीट राहा, पायऱ्या सांभाळून उतर, असं काहीबाही बोलले आणि स्टँडकडे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी नणंदेचा मेसेज आला. व्हिडिओ लोकांना फार आवडला, तसेच झगे आणखी हवेत, चिठ्ठी तीच ठेवूया. मी पिशवी पडवीत ओतली आणि नेहमीसारखं निवडायला बसले, पॉलिस्टर इकडे, सुती तिकडे. अर्ध्यात हाताला बारीक पिको लागला. माझा हिरवा खण. घडीसुद्धा मी घातलेलीच होती, वर कुणाच्या तरी बोटाचं कुंकू.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. “आई, पीस आहेत ना गो कामाचे?”

“आहेत,” म्हटलं.

खण सुती होता. मी तो सुतीच्या ढिगावर टाकला आणि नणंदेच्या झग्यांचं कापड बेतायला घेतलं.