आमेनची घाई

पंक्चरवाल्याची जीभ 'प'वर अडायची. आता बघा, नशिबाची थट्टा! धंदा पंक्चरचा, आणि देवाला हाक मारायची तर 'प्रभू'. बाकी सगळी अक्षरं सुरळीत, नेमकं इथंच घोडं पेंड खायचं. दुकानात तो टायरकडे बोट दाखवून भागवायचा. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बोट कुठं दाखवणार?

त्याची इच्छा एकच: रविवारच्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ आपल्या तोंडानं शेवटपर्यंत वाचायचा. रोज शटर उघडण्याआधी तो ट्यूब बुडवायच्या टबासमोर उभा राहून मोठ्यानं वाचायचा. चर्चच्या पाळकांच्या हात धुऊन मागे लागून त्यानं कैकदा पाळी मिळवली. दरवेळी मंडळीनंच घात केला. भली माणसं हो, फार भली! हा "प्र... प्र..." करत अडला, की पुढच्या बाकावरची मावशी "प्रभू!" म्हणून मोकळी. मागून कुणीतरी, सुटला बिचारा एकदाचा म्हणून, दणक्यात "आमेन!" ठोकायचं. मग सगळेच आमेन. पाठ अर्धाच, आणि हा पुस्तक धरून उभाच्या उभा.

"अहो, प्रेमानं करतात," बायको म्हणायची.

"आग लागो त्या मायेला!" मग वर बघून, "माफ कर रे बाबा. तुला दुसरं सोपं नाव नव्हतं का?"

तरी गडी हटला नाही. पुन्हा पाळी मागितली, पुन्हा उभा राहिला, आणि पुन्हा अडला. मावशीनं तोंड उघडलं.

"मावशी, थांबा!" तो कडाडला. "आमेन कुणी म्हणायचं नाही. शब्द माझा आहे. मी काढीन."

देऊळ चिडीचूप. त्याच्या मानेवरून घाम निथळत होता. बायकोनं डोळे गच्च मिटले. "प्र... प्र..." बऱ्याच वेळानं "प्रभू" बाहेर आला. पुढच्याच ओळीत पुन्हा तोच शब्द! पुन्हा अडला, पुन्हा सगळे थांबले. पाठ संपला तेव्हा उपदेशाची वेळ उलटून गेली होती. "आज वचन ऐकलं आपण," एवढंच म्हणून पाळक खाली बसले.

बाहेर येऊन बायकोनं हसत त्याचा हात धरला. तो मात्र अजून धुमसतच होता.

"नुसतं गप्प बसायचं होतं गं यांनी," तो म्हणाला, आणि भर रस्त्यात त्याला रडू फुटलं. "इतकी वर्षं... तेवढंच हवं होतं."