ऑरेलियाचा उंबरा

न्यू ऑर्लिन्समध्ये अल्सीद फोंतेनोच्या हातचा गिलावा म्हणजे आरसाच. बाप गिलावेवाला, आजाही तोच. भिंत खडबडीत दिसली की याच्या तळहाताला खाज सुटायची. स्वतःच्या लग्नात, पाद्रीबाबा आशीर्वाद देत असताना, हा वर चर्चच्या छताची भेग बघत होता. ऑरेलियानं ही गोष्ट जन्मभर पाव्हण्यारावळ्यांना सांगितली, आणि दर सोमवारी राजमा-भात वाढताना त्यालाही ऐकवली.

मग उड्डाणपूल आला. ओकची झाडं गेली, त्यांच्या सावलीतली घरं गेली, त्यात ऑरेलियाचंही. तिच्या उंबऱ्याच्या जागी पुलाचा खांब उभा राहिला. तिनं दाराचा जुना खिळा घेतला आणि पूर्वी पायरीवर बसल्यावर हात पोचायचा तेवढ्या उंचीवर त्या खांबावर क्रूस कोरला. रविवारची प्रार्थना झाली की तिथं खुर्ची टाकून कॉफी प्यायची. खांब सगळे एका साच्यातले. कुठला आपला, हे अल्सीदनं कधी ध्यानात ठेवलं नाही. खुर्ची उचलायची आणि बायकोच्या पाठीमागं चालायचं, एवढंच त्याचं काम.

आमच्याकडं माणूस गेला की बॅण्ड लावून नेतात. मिरवणूक त्याच्या दाराशी थांबते, म्होरक्या टोपी काढतो, संथ चाल वाजते, मग तो जीव मोकळा होतो. न थांबता नेलं तर बिचारा घर शोधत फिरतो म्हणतात. अल्सीद आमचा म्होरक्या. ऑरेलियानं त्याला बजावून ठेवलं होतं, "मला भाड्याच्या खोलीवरून नेऊ नकोस. माझ्या दाराशी थांबव."

पुढं कधीतरी सरकारला त्या वस्तीची आठवण झाली. पुलाखाली कोण वाचणार, म्हणून पलीकडच्या कोपऱ्यावर उन्हात लोखंडी फलक लागला. खांबांवर जुन्या वस्तीची चित्रं काढायचं ठरलं. रंगाला गुळगुळीत पाठ हवी, म्हणून अल्सीदला बोलावणं आलं. ऑरेलिया तेव्हा अंथरुणाला खिळलेली. म्हाताऱ्याच्या हातात पुष्कळ दिवसांनी थापी आली, अंगात वारं भरलं. ओळीनं सगळे खांब त्यानं असे काही घोटले, की बघणारे गाल लावून बघत.

संध्याकाळी ऑरेलियानं विचारलं, "माझी खूण ठेवलीस ना?"

क्रूस गिलाव्याखाली गेल्याचं अल्सीदच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. "ठेवली की," तो म्हणाला. सवडीनं खरवडून काढू, असं त्यानं मनाशी ठरवलं. पण खांबांवर चित्रं चढली, वाळली, आणि ऑरेलिया गेली.

मिरवणूक निघाली. फलकाशी पोचल्यावर ट्रम्पेटवाल्या ल्यूशियनला वाटलं, इथंच थांबायचं. तिच्या गल्लीचं नाव होतं ना त्यावर. अल्सीदनं मान हलवली.

"इथं ती कधी राहिली नाही," तो म्हणाला, आणि शववाहिका पुलाखाली घेऊन गेला.

पहिल्या खांबाशी तो वाकला, बसल्यावर हात पोचेल तिथं तळवा फिरवला. गुळगुळीत. दुसऱ्याशी वाकला. तोही तसाच. खांबांवर ओकची झाडं, पडव्या, दारात बसलेल्या बायका, सगळं रंगवलेलं होतं. बॅण्डवाले वाद्यं छातीशी धरून उभे राहिले. ल्यूशियन जवळ आला.

"काका, यातला कुठला?"

अल्सीद आपल्या तळव्याकडं बघत राहिला. "हात फार चांगला चालला रे माझा," तो म्हणाला.

मग त्यानं टोपी काढली आणि सांगितलं, प्रत्येक खांबाशी थांबा. ते थांबले. दर खांबाशी तीच संथ चाल वाजली, वाजवणाऱ्यांचे ओठ सुजले, वरून गाड्या धडधडत गेल्या. पूल संपला तरी त्यानं टोपी डोक्यावर ठेवली नाही.

अजून रविवारी प्रार्थना झाली की तो खुर्ची उचलतो. पुलाखाली येतो आणि खुर्ची हातात धरून तिथंच थबकतो. पुढं चालणारी पाठ नसते.