दादाचं एक मिनिट

दंतवैद्य प्लॅस्टरचे साचे डब्यांत घालून पाठवतात आणि त्यांवरून कवळ्या बनवायच्या, हे त्याचं काम. दोन खोल्यांच्या त्या प्रयोगशाळेत तो चोवीस वर्षं एकाच स्टुलावर बसत आला होता. गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, कोपऱ्यावरची झीज निरखायची, शेवटी फिरत्या ब्रशवर घासून चकचकीत करायचं. गल्लीत सगळे त्याला दातवाले म्हणत. शेजारच्या आजोबांची कवळी सैल झाली की ते थेट रुमालात गुंडाळून दारात हजर व्हायचे आणि बोळक्या तोंडाने काय म्हणताहेत ते त्याला बरोबर कळायचं.

पण स्टुलावर बसलेला हा माणूस सकाळी साडेपाचला कालव्याकाठच्या वाटेवर कुणी पाहिला असता तर ओळखला नसता. आठवड्यातले चार दिवस तो पळायचा. तीन दिवस बेताने, आणि रविवारी पुरते दहा किलोमीटर, जीव तोडून. ते संपले की घामेजल्या हातानेच फोन काढायचा आणि मिनिटं लिहून दादाला पाठवायचा.

दादा त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. अकरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी परदेशी गेला आणि तिथेच रुजला. दोघांच्या घड्याळांत बराच फरक होता, त्यामुळे दादाचं उत्तर दुपारी यायचं, जेवणं आटोपल्यावर. धाकट्याने पंचावन्न कळवले असले तर दादाचे चोपन्न. धाकट्याचे त्रेपन्न झाले की दादाचे बावन्न. मग फोन व्हायचा. वाऱ्याचं, बुटांचं, चढाचं बोलणं व्हायचं, आणि त्याच्या आडून घरचंही.

"तुमच्या दादांचं बरं आहे," बायको म्हणायची. ती शाळेत ग्रंथपाल होती आणि आकडे तिच्या नजरेतून सुटत नसत. "तुम्ही कितीही पळा, ते आपले एक पाऊल पुढेच."

"तो लहानपणापासून तसाच आहे," तो म्हणायचा, आणि ते सांगताना त्याचा ऊर भरून यायचा.

ते खोटंही नव्हतं. त्यांचे वडील पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते, घरोघरचे मीटर वाचत दिवसभर तंगडतोड करायचे आणि तरी संध्याकाळी मुलांना घेऊन पळायला निघायचे. पुढे वडील, मध्ये दादा, मागे हा. नंतर वडील थकले तशी दोघांचीच जोडी उरली. दादा एक पाऊल पुढे, डाव्या बाजूला. मागून त्याच्या टाचा दिसायच्या. श्वास लागला की दादा मागे न बघताच सांगायचा, "दात आवळू नकोस, तोंड सैल सोड." गावात दरवर्षी एक शर्यत व्हायची, एका घरातल्या तिघांनी पाच किलोमीटर पळायचं आणि तिघांची वेळ एकत्र मोजायची. एका वर्षी ह्या बापलेकांचा तिसरा नंबर आला होता. वडील वारले, मग दादा परदेशी गेला, आणि तेव्हापासून ह्या घरातून तिघं कधी जमलेच नाहीत. शर्यतीच्या दिवशी तो कडेला उभा राहून टाळ्या वाजवायचा आणि घरी येऊन उगाच चिडचिड करायचा.

आता मुलगी सतरा वर्षांची झाली होती आणि हरणासारखी पळत होती. म्हणजे दोघं झाले. तिसरं कोण, एवढाच प्रश्न होता. बायकोने आधीच हात वर केले होते.

अशात दादाने कळवलं की तो तीन आठवड्यांसाठी येतोय. वहिनींना सुट्टी नव्हती, एकटाच येणार होता. तारखा बघितल्या तर शर्यतीचा रविवार नेमका मधोमध येत होता. धाकट्याने त्याच दिवशी जाऊन अर्ज भरला. तीन नावं लिहिली, दादाचं सगळ्यात वर. मग पुढचे दोन महिने तो असा काही पळाला की मुलगीसुद्धा म्हणाली, "बाबा, जरा जपून. गेल्या वर्षीचं आठवतंय ना?"

गेल्या वर्षी दादाचे सत्तेचाळीस गाठायच्या नादात त्याच्या पोटरीचा स्नायू फाटला होता. तीन महिने तो लंगडत कामाला गेला होता. त्या तीन महिन्यांत दादाचा फोन रोज यायचा.

विमानतळावर दादा बाहेर आला तेव्हा सामानाच्या गाडीवर रेलून चालत होता. धाकट्याला वाटलं, एवढा प्रवास, अवघडला असेल. गळाभेट झाली. दादा अंगाने सुटला होता, केस मागे सरकले होते, पण हसणं तेच होतं. रात्री गप्पा मारता मारता तो बसल्या जागी झोपून गेला.

पहिल्या सकाळी धाकटा बूट घालून दाराशी उभा राहिला. दादा उठला नाही. झोपेचं गणित बिघडलंय म्हणाला. दुसऱ्या दिवशी पोट बरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मात्र तो आपणहून तयार होऊन बाहेर आला, पळायचे बूट घालून. लेस बांधायला त्याने टाच खुर्चीच्या कडेवर टेकवली तेव्हा धाकट्याला बुटाचा तळ दिसला. झीज वाचणं हा त्याचा धंदाच होता. दाताचा कोपरा बघून माणूस कुठल्या बाजूने चावतो हे तो सांगू शकायचा. ह्या तळाला रस्ता लागलेलाच नव्हता.

जिन्यात दादा कठड्याला धरून उतरला, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मगच पुढची पायरी.

कालव्याकाठी पोचल्यावर दादा पहिल्याच बाकावर बसला.

"बस जरा," तो म्हणाला.

"पळायचं नाही?"

"गुडघा गेलाय. डावा. आतली गादीच झिजली म्हणतात."

"कधी?"

दादाने पाण्याकडे बघत सांगितलं, "सहा वर्षं झाली."

धाकट्याने मनात हिशोब केला. सहा वर्षांचे रविवार किती होतात ते त्याला झटकन जमेना. "आणि गेल्या रविवारचे सत्तेचाळीस?"

"तू अठ्ठेचाळीस पाठवले होतेस ना."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्यातून एक वजा करायचो. कधी अर्धा. नेहमी एकच केलं असतं तर तुला संशय आला असता." दादा हसायला गेला, पण धाकट्याचा चेहरा बघून सावरून बसला. मग म्हणाला, "लहानपणी मी हळू झालो की तूही हळू व्हायचास, आठवतंय? मी बसलो की बसायचास. मी पुढे नसलो तर तू पळणार नाहीस असं वाटलं मला. आणि पळणं नसतं तर फोनवर आपण बोललो असतो काय? हवापाणी?"

"माझी पोटरी फाटली दादा."

"ठाऊक आहे. तेव्हाच सांगणार होतो. रोज फोन करायचो तो त्यासाठीच. जीभ रेटली नाही."

धाकटा उठला आणि पळत सुटला. त्याला दुसरं काही सुचलं नाही. पाच किलोमीटर गेला आणि पाच परत आला, कुणी पुढे नसताना, आणि डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की सहा वर्षं आपण ज्याच्या मागे धावलो तो तेव्हा कुठेतरी खुर्चीत बसून आपल्या आकड्यातून एक वजा करत होता. परत आला तेव्हा दादा त्याच बाकावर होता. दोघं रिक्षाने घरी आले.

दोन दिवस घरात अबोला होता. जेवताना दादा मुलीशी बोलायचा, धाकटा भाताशी. तिसऱ्या दिवशी बायकोने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

"भावोजी चुकले, मान्य," ती म्हणाली. "पण त्यांच्याकडे तीन आठवडे आहेत आणि त्यातले दोन दिवस तुम्ही फुगून घालवलेत. अजून किती घालवायचेत ते ठरवा, म्हणजे मला त्या बेताने स्वयंपाक करता येईल."

"मी काय वेडा होतो म्हणून पळत होतो?"

"होतात थोडे. पण पंचावन्नचे अठ्ठेचाळीस कुणाचे झाले? त्यांचे की तुमचे?"

तो बाहेर आला. दादा खिडकीशी बसून गुडघा शेकत होता. धाकटा शेजारी बसला आणि म्हणाला, "ती पिशवी फार गरम नाही ना?" दादा म्हणाला, "नाही." भांडण तिथे मिटलं. खरं तर ते पुरतं कधीच मिटलं नाही, पण त्यानंतर दोघं बोलू लागले.

राहता राहिला अर्जाचा प्रश्न. मुलीने परस्पर जाऊन काकांच्या जागी आईचं नाव घातलं आणि मग घरी येऊन सांगितलं. बायको आधी भडकली, मग कपाटातून जुने बूट काढून खिडकीत उन्हाला ठेवले. "मी चालणार," तिने सगळ्यांना बजावलं. "आणि वाटेत मला कुणी जोर लाव म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याला मी तिथेच सोडून घरी येईन."

शर्यतीच्या सकाळी दादा त्यांच्याबरोबर निघाला, पण सुरुवातीच्या जागी थांबला नाही. "मी पुढे जाऊन उभा राहतो," एवढंच म्हणाला. तो कोट घालून आला होता, पायांत कातडी बूट. नवे पळायचे बूट त्याने घरीच ठेवले होते.

शिट्टी झाली. मुलगी पहिल्याच वळणावर दिसेनाशी झाली. बायको अगदी शेवटच्या चारपाच जणांत, शाळेतल्याच एका बाईंशी बोलत चालली होती. धाकटा मधल्या घोळक्यात पळत होता. इतक्या वर्षांनी तो ह्या शर्यतीत उतरला होता आणि हवी तशी मजा येत नव्हती. डावी बाजू रिकामी होती. कुणी तिथे आलं की तो नकळत उजवीकडे सरकायचा, जणू ती जागा राखून ठेवलेली होती. तिसऱ्या किलोमीटरला पाय जड झाले. आता कुणासाठी ताणायचं, असा विचार मनात आला आणि आला तसा पायांत उतरला.

पेट्रोल पंपाच्या वळणावर दादा उभा होता. एका हाताने दिव्याचा खांब धरून तो येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघत होता. धाकटा दिसला तसा त्याने खांब सोडला आणि फुटपाथवरून त्याच्या डाव्या अंगाने पळायला लागला.

कातडी बुटांचा आवाज सारखा नव्हता. एक पाऊल जड, एक हलकं, एक जड, एक हलकं. कोटाचे पंख दोन्हीकडे उडत होते. बघणाऱ्यांना हसू आलं असेल. धाकट्याला फक्त आवाज ऐकू येत होता, आणि त्यात दादाचा श्वास, भात्यासारखा.

"दात," दादा धापा टाकत म्हणाला, "आवळू नकोस."

तीसएक पावलं असतील. फार तर चाळीस. मग तो आवाज मागे पडला, थांबला. धाकट्याने वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढे पळणं झालं नसतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. उरलेलं अंतर त्याने कसं कापलं ते त्याला आठवत नाही. तेवीस मिनिटांच्या आत तो पोचला होता, एवढं मुलीने नंतर सांगितलं.

छत्तीस घरांत त्यांचं घर एकतिसावं आलं. बायकोला त्याचं भारी अप्रूप वाटलं. "म्हणजे आपल्या मागे पाच घरं," ती रस्ताभर सांगत होती. दादाचा गुडघा संध्याकाळपर्यंत सुजून टम्म झाला आणि पुढचे चार दिवस तो पलंगावरून हलला नाही. धाकट्याने दोन दिवस रजा काढली. दोघांनी वडिलांच्या गोष्टी काढल्या. त्यांचं चालणं, त्यांचं घोरणं, मीटरच्या वहीत त्यांनी शेवटच्या पानावर लिहून ठेवलेल्या पोरांच्या वेळा. ती वही कुठे गेली ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

निघताना विमानतळावर दादा म्हणाला, "आता शस्त्रक्रिया करून घेतो. वर्षभरात चालायला लागेन नीट."

"पळायला?"

"नाही. पळणं संपलं माझं." त्याने ते सरळ सांगितलं. "तू पाठवत जा मात्र."

त्या वर्षी मुलगी पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेली. धाकटा पळायचा, चार दिवस, रविवारी दहा. पण घड्याळ हळूहळू सैलावत गेलं. एकोणपन्नास, पन्नास, मग एका रविवारी बावन्न. त्याने ते जसेच्या तसे पाठवले. दुपारी फोन वाजला.

"बावन्न?" दादाने विचारलं.

"हो."

दादा म्हणाला, "खरं सांग. मला वाईट वाटू नये म्हणून वाढवून सांगतोयस ना?"

"नाही रे. खरंच बावन्न."

"बघ हं."

"अरे खरंच."

दादाला ते पटलं नाही, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. उलट तो जरा सुखावला होता. धाकट्याने आणखी समजावायचा प्रयत्न केला नाही. शस्त्रक्रियेची तारीख विचारली, वहिनींची चौकशी केली, मुलीचं पत्र वाचून दाखवलं. पलीकडे दादाची सकाळची कामं खोळंबली असतील, हे ध्यानात येऊनही फोन ठेवावासा वाटेना. दादालाही वाटत नसावं. बोलायचं सगळं बोलून झाल्यावरही दोघं बराच वेळ तसेच राहिले, एकमेकांचा श्वास ऐकत.